स्वेटर विकणाऱ्या तिबेटी लोकांना लेहला दम लागेल का?

घाटपळ्या (सातारा)

मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात आहे, इथं कुणीतरी जाणकार असेल म्हणून टाकतोय. आमचा पळणाऱ्यांचा ग्रुप आहे, यवतेश्वरचा घाट म्हणजे आमचं अंगण, हिल मॅरेथॉन पण बरेच जण करतात. मागच्या जूनमध्ये सगळे मिळून लेहला गेलो, थेट विमानाने. घाट पळणारी माणसं, आपल्याला काय होतंय अशी मस्ती होती, पण हॉटेलचे जिने चढताना अशी धाप लागली की एकमेकांकडं बघायची लाज वाटली, एकाचं डोकं एवढं दुखायला लागलं की रात्रभर उलट्या, आणि ग्रुपमधला सगळ्यात ढिला गडी, जो फक्त पळून झाल्यावरच्या मिसळीला येतो, तो आरामात थुकपा ओरपत बसलेला. तिथली एक म्हातारी पाठीवर गवताचा भारा घेऊन आमच्या शेजारनं चढ चढून गेली, श्वास पण फुललेला नाही.

आता खरा प्रश्न. थंडीत आपल्याकडं तिबेटी लोक स्वेटरची दुकानं लावतात ना, तिथल्या एका बाईंशी बोलत होतो. त्या म्हणाल्या आमचा जन्मच कर्नाटकातला, मुंडगोडचा, आई पण तिथंच वाढली, बर्फ मी फक्त मोबाइलवर बघितलाय. कन्नड एकदम फाडफाड बोलतात, मराठी पण बरं. तर ह्या बाई किंवा त्यांची पोरं उद्या लेहला उतरली तर माझ्यासारखी धापा टाकतील का त्या म्हातारीसारखी चालतील? म्हणजे हे सगळं सवयीचं आहे का रक्तातलं? आणि तिबेटी लोकांच्यात वेगळं काय असतं नक्की? एक जण म्हणतो फुप्फुस मोठं असतं, दुसरा म्हणतो रक्त जास्त असतं. फॉरवर्ड नको कृपया, माहिती असेल तर सांगा.


सुभेदार_रिटायर (सातारा)

घाटपळ्या, तुमच्या ग्रुपचं जे झालं ते आमच्याकडं दरवर्षी नव्या पोरांचं व्हायचं. लई तालीम केलेला गडी आधी आडवा, कारण त्याला दम धरवत नाही, गाडीतनं उतरला की सामान उचल, इकडं पळ तिकडं पळ. आणि लठ्ठ आळशी गडी निवांत पडून राहतो म्हणून वाचतो. फिटनेसचा आणि उंची बाधण्याचा काय बी संबंध नाही हे पहिलं डोक्यात पक्कं करा.

फौजेत ह्याचा कायदाच आहे. ९ हजार फुटाच्या वर गेलं की पहिला टप्पा सहा दिवसांचा, त्यातले पहिले दोन दिवस नुसता आराम, मग हळूहळू चालणं, मग थोडा चढ. १२ हजाराच्या वर दुसरा टप्पा चार दिवस, १५ हजाराच्या वर तिसरा आणखी चार. लांब सुट्टीवरनं गावाकडं येऊन परत गेला तरी हे सगळं नव्यानं, मग तो कितीबी जुना असो. हे नियम फुकट आलेले नाहीत. ६२ च्या लढाईत आणि त्यानंतर सपाटीवरची हजारो पोरं एकदम वर नेली, गोळी न लागता माणसं छातीत पाणी होऊन गेली. त्यावरनंच आपल्या फौजेच्या डॉक्टरांनी अभ्यास केला, इंदर सिंग आणि त्यांच्या साथीदारांचा १९६९ चा १,९२५ जवानांवरचा पेपर जगभर वाचला जातो असं आमचे एमओ साहेब, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, सांगायचे.

आमच्या जिल्ह्यातली पोरं काटक, अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत आपल्याकडं, पण लडाख स्काउट्सच्या, म्हणजे फौजेतल्या लडाखी पलटणीच्या पोरांबरोबर चढ चढायची वेळ आली की आमची मान खाली. ती पोरं गप्पा मारत चढायची हो. सवय आम्हाला पण झाली होती, महिनोन्महिने वर राहिलो, तरी ते अंतर काय मिटलं नाही. मला तर ते रक्तातलंच वाटतं. बाकी शास्त्र शिकलेल्यांनी सांगावं.


लॅबवाला_मिरज

सुभेदार साहेबांना सलाम. आता रक्ताचा विषय निघाला म्हणजे आमच्यासारख्याने बोलायलाच पाहिजे, दिवसभर हेच करतो.

आधी एक. वरती हवेत ऑक्सिजन कमी असतो असं आपण म्हणतो खरं, पण प्रमाण तेच असतं, साधारण २१ टक्के, सांगलीत पण आणि तिबेटच्या ल्हासात पण. कमी होतो तो हवेचा दाब. लेह ३,५०० मीटरवर, तिथं दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश, साडेपाच हजार मीटरला निम्मा. म्हणजे एका श्वासात छातीत येणारा ऑक्सिजनच तेवढा कमी.

मग शरीर काय करतं? पहिल्यांदा श्वास वाढवतं, नाडी वाढवतं. हे लगेच होतं. त्यानंतर किडनीला कळतं की ऑक्सिजन कमी पडतोय, ती एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडते, हाडातल्या मगजात लाल पेशी जास्त बनायला लागतात, काही आठवड्यांत हिमोग्लोबिन चढतं. तुमचं माझं सगळ्यांचं असंच होतं. ऐकायला भारी वाटतं, ऑक्सिजन कमी तर वाहून नेणारी माणसं वाढवा. पण ह्याचा हिशोब पुढं जाऊन अंगलट येतो. लाल पेशी प्रमाणाबाहेर वाढल्या की रक्त काकवीसारखं दाट होतं, हृदयाला ते ढकलायला जोर लागतो, डोकेदुखी, झोप नाही, ओठ निळे, गुठळ्या, पुढं हृदय थकतं. पेरूमध्ये लिमाच्या कार्लोस मोंगे नावाच्या डॉक्टरांनी १९२५ मध्ये हा आजार पहिल्यांदा मांडला म्हणून मोंगेचा आजार म्हणतात. पुरुषाचं हिमोग्लोबिन २१ च्या वर गेलं की त्यात धरतात. आमच्या लॅबमध्ये २१ आलं तर मी आधी मशीनच तपासेन.

आणि आता गंमत. तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन चढतच नाही, किंवा अगदी थोडं चढतं! अमेरिकेच्या सिंथिया बील म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी तिबेटी आणि बोलिव्हियाचे आयमारा लोक साधारण सारख्या उंचीवर तपासले, तर आयमारा पुरुषांची सरासरी १९.२ आणि तिबेटी पुरुषांची १५.६. अहो १५.६ म्हणजे आपल्या बाजारपेठेतल्या हमालाचा रिपोर्ट, आणि तो ४,००० मीटरच्या आसपास राहणाऱ्या माणसाचा. ऑक्सिमीटर लावला तर तिथंही काही विशेष नाही, ९० च्या आसपास, आयमारांपेक्षा थोडं कमीच. म्हणजे रक्तात ऑक्सिजन आयमारांपेक्षा कमी आणि तरी माणूस भारा घेऊन चढ चढतोय.

मग कसं जमतं? एक तर ते श्वास जास्त घेतात. बसल्या जागी मिनिटाला आयमारांपेक्षा साधारण दीडपट हवा आत-बाहेर. दुसरं, रक्तवाहिन्या मोकळ्या असतात. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू शरीरच बनवतं, त्यानं नळ्या रुंदावतात, तर ४,२०० मीटरवरच्या तिबेटी लोकांच्या रक्तात ह्याच्यापासून बनणारे पदार्थ सपाटीवरच्या लोकांच्या दहापटीहून जास्त सापडले आणि हातातला रक्तप्रवाह दुपटीहून जास्त. २००७ सालचा अभ्यास आहे. म्हणजे दाट रक्त थोडं थोडं ढकलण्यापेक्षा पातळ रक्त भरपूर फिरवायचं. २०१९ ला शेर्पा लोकांवर आणखी एक काम झालं, त्यात दिसलं की त्यांच्या रक्तात लाल पेशींचा एकूण साठा काही कमी नाही, पण पाण्याचा भाग म्हणजे प्लाझ्मा वाढलेला असतो म्हणून आकडा कमी दिसतो. मला हे वाचून फार भारी वाटलं कारण आम्ही रोज फक्त तो आकडाच छापतो.

जीनचं पण सांगतो, मग थांबतो. ऑक्सिजन कमी झाला हे ओळखून लाल पेशी वाढवायचा हुकूम देणारी जी यंत्रणा आहे तिच्यातला एक जीन ईपीएएस१. २०१० मध्ये एकाच वर्षी वेगवेगळ्या टीमनी हाच जीन पकडला. त्यातल्या एका अभ्यासात त्याचा एक विशिष्ट प्रकार तिबेटी लोकांत ८७ टक्के आणि शेजारच्या हान चिनी लोकांत फक्त ९ टक्के निघाला. एवढी तफावत म्हणजे निसर्गानं फार जोरात निवड केली. हा प्रकार असला की तो हुकूम जोरात सुटत नाही. ईजीएलएन१ म्हणून त्याच यंत्रणेतला दुसरा एक जीन पण आहे ह्यात.

थोडक्यात सुभेदार साहेब म्हणाले ते बरोबर, रक्तातलंच आहे, फक्त रक्त वाढवण्याचं नाही तर न वाढवण्याचं.


तासगावची_द्राक्षं

लॅबवाले दादा मग माझं हिमोग्लोबिन ९.५ आलंय, मी लेहला डायरेक्ट पळत जाऊ का 😂 आईनं बीट खाऊ घालून जीव नको केलाय, तिला दाखवतो हा मेसेज


लॅबवाला_मिरज

आईचं ऐक बाबा. ९.५ म्हणजे अ‍ॅनिमिया, बहुतेक लोह कमी आहे, डॉक्टरला दाखव. तिबेटी माणसाचं कमी म्हणजे १९ च्या तुलनेत कमी, आपल्या तुलनेत ते नॉर्मलच आहे. ९.५ घेऊन वर गेलास तर पहिल्या जिन्यावर बसशील.


मधली_सुट्टी (सांगली, सध्या पुणे)

अँथ्रोपॉलॉजी शिकतेय, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. लॅबवाल्या काकांनी ईपीएएस१ पर्यंत आणून सोडलं पण खरी स्टोरी तर तिथून पुढं आहे, हा जीन आला कुठून?

सायबेरियात अल्ताय पर्वतात डेनिसोवा नावाची गुहा आहे. तिथं एका मुलीच्या करंगळीच्या हाडाचा तुकडा सापडला, त्यातून डीएनए काढला आणि २०१० मध्ये कळलं की ही ना आपल्यासारखी माणसं ना निअँडरथल (नामशेष झालेली माणसाची दुसरी जात), तिसरेच कुणीतरी. हे काम स्वांते पेबो यांच्या टीमचं, पेबोंना २०२२ चं नोबेल मिळालं. ह्या तिसऱ्या माणसांना डेनिसोवन म्हणतात. मग २०१४ मध्ये ४० तिबेटी आणि ४० हान लोकांचा ईपीएएस१ जीनचा पूर्ण भाग वाचून जगभरच्या लोकांशी ताडून बघितला, तर तिबेटी लोकांकडचा तो तुकडा कुणाशीच जुळेना, आणि जुळला तो थेट डेनिसोवनांशी! म्हणजे हजारो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांचे आणि त्यांचे संबंध आले, पोरं झाली, आणि त्यातून आलेला हा तुकडा पुढं तिबेटच्या पठारावर कामाला आला. नामशेष झालेल्या दुसऱ्या मानवाकडून आलेली गोष्ट आज जिवंत माणसाला श्वास घ्यायला मदत करतेय, ह्याच्यापेक्षा भारी काय असतं सांगा.

आणि आता सातारकरांसाठी खास. डेनिसोवा गुहेची उंची ७०० मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास तुमच्या साताऱ्याएवढीच! त्यामुळे हा प्रकार मुळात उंचीसाठीच बनला असं म्हणता येत नाही. नंतर मात्र चीनच्या गान्सू प्रांतात पठाराच्या कडेला बाइशिया नावाच्या गुहेतला जबडा तपासला, ३,२८० मीटरवर. तो १९८० मध्ये एका भिक्खूला सापडला होता, कितीतरी वर्षं तसाच पडून, आणि २०१९ मध्ये त्यातल्या प्रोटीनवरून कळलं की हा डेनिसोवन, किमान १ लाख ६० हजार वर्षं जुना. म्हणजे ते लोक उंचावर पण राहायचे. पण त्या जबड्यातून डीएनए मिळाला नाही, प्रोटीनच मिळालं, त्यामुळे त्याच्याकडे हा जीन होता का ते त्यातून कळत नाही.

सध्याचा अंदाज असा की हा तुकडा आपल्यात आला साधारण ४८ हजार वर्षांपूर्वी, आणि निवड जोरात सुरू झाली ती बरीच नंतर, ९ हजार वर्षांच्या आसपास, अर्थात ह्या आकड्याची मागंपुढं व्हायची जागा फार मोठी आहे. मधली हजारो वर्षं तो जीन नुसता पडून होता, कुणाचं काही अडत नव्हतं.


घाटपळ्या (सातारा)

बाप रे. वाचतोय दोनदा दोनदा. पण मग ९ हजार वर्षांपूर्वीच का, त्याच्या आधी लोक तिथं नव्हते का?


मधली_सुट्टी (सांगली, सध्या पुणे)

होते ना. न्वाया देवू म्हणून जागा आहे, ४,६०० मीटरवर, तिथं ३० ते ४० हजार वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडलीत. पण येऊन शिकार करून परत जाणं वेगळं आणि बायकापोरं, जनावरं घेऊन बारा महिने राहणं वेगळं. निवड तेव्हाच चालते जेव्हा पोरं तिथंच जन्मतात.

बारमाही वस्तीचं श्रेय बरेच जण सातूला देतात. आधी पठाराच्या खालच्या भागात लोक राळ्यासारखी भरडधान्यं पिकवायचे, ती कडाक्याच्या थंडीत टिकत नाहीत. मग पश्चिमेकडून सातू आला, त्याला थंडी चालते, आणि साधारण ३,६०० वर्षांपूर्वीपासून ३,००० मीटरच्या वर शेतीची गावं दिसायला लागतात, २०१५ चं संशोधन आहे. हे ९ हजाराशी नीट जुळत नाही खरं, पण वर म्हटलं तसं त्या आकड्याची मागंपुढं व्हायची जागा मोठी आहे. आजही त्यांचं रोजचं जेवण म्हणजे त्सांपा, भाजलेल्या सातूचं पीठ चहात कालवून. आणि चहा म्हणजे लोणी मीठ घातलेला. शिवाय याक, म्हणजे दूध लोकर ओझं आणि शेणाच्या गोवऱ्या, कारण तिथं लाकूडच नाही. नुसता जीन असून काय करणार, खायला लागतं आणि चूल पेटायला लागते.

२०१० मध्ये एका टीमनं म्हटलं होतं की तिबेटी आणि हान वेगळे होऊन तीनच हजार वर्षं झालीत, त्यावर पुरातत्त्ववाले जाम भडकले होते, कारण त्यांच्याकडे त्याच्या कितीतरी आधीचे पुरावे. त्यामुळे तो आकडा कुठं वाचलात तर जपून.

जाता जाता, तिबेटी मास्टिफ कुत्र्यांत पण ईपीएएस१ चाच वेगळा प्रकार सापडलाय आणि तो त्यांना तिथल्या लांडग्यांकडून आलाय. माणसानं डेनिसोवनांकडून घेतला, कुत्र्यानं लांडग्याकडून.


जतचा_कारवानी

कारवानी कुत्र्याचा नाद करायचा नाय एवढंच सांगतो, मास्टिफ गेला उडत. सशामागं सोडून बघा


वॉर्डातली_ताई (कराड)

सगळे धावणं, चढणं, रक्त ह्यावरच बोलताय. मी प्रसूती वॉर्डात काम करते, मला ह्यातली वेगळीच बाजू महत्त्वाची वाटते आणि मधली सुट्टीनं ती अर्धी बोलून सोडली.

निसर्गाला कोण घाट पळतंय ह्याच्याशी देणंघेणं नाही हो. बाळ जगतं का, आई जगते का, एवढंच तो बघतो. उंचावर बाळाचं वजन कमी भरतं, दर हजार मीटरला साधारण १०० ग्रॅम, हे सगळ्या जगात दिसलंय. म्हणजे ल्हासाच्या उंचीवर ३५० ग्रॅमचा फटका. आमच्याकडे अडीच किलोच्या खाली बाळ गेलं की आम्ही सगळ्या सावध होतो, त्यामुळे ३५० ग्रॅम म्हणजे काय ते मला सांगायला नको. तर सपाटीवरून ल्हासाला गेलेल्या हान बायकांच्या बाळांचं वजन जेवढं घटतं तेवढं तिबेटी बायकांच्या बाळांचं घटत नाही. त्यांच्या गर्भाशयाकडं जाणारा रक्तप्रवाह जास्त असतो. वर काकांनी जे नळ्या रुंदावण्याचं सांगितलं ना, ते इथं कामाला येतं, बाळाच्या वारेपर्यंत.

बील बाईंचंच नेपाळमधलं काम आहे, २०२४ मध्ये आलं. ३,५०० मीटरच्या वर राहणाऱ्या, ४६ ते ८६ वयाच्या ४१७ बायका, सगळ्यांची बाळंतपणं होऊन गेलेली. कुणाला किती जिवंत बाळं झाली आणि रक्तात काय आहे ते जुळवून बघितलं. ज्यांचं हिमोग्लोबिन ना फार जास्त ना फार कमी, मधलं, आणि ऑक्सिजनचं प्रमाण चांगलं, त्यांना सगळ्यात जास्त बाळं. म्हणजे निवड आजही चालूच आहे. आणि त्याच्या आड किती बायकांनी किती बाळं गमावली असतील ते पेपरात येत नाही. ८७ टक्के हा आकडा वाचायला सोपा आहे, पण तो तसा झाला म्हणजे ज्या घरात तो जीन नव्हता तिथली लेकरं पिढ्यानपिढ्या कमी जगली, एवढाच त्याचा अर्थ आहे.


सुभेदार_रिटायर (सातारा)

ताई, ह्या बाजूनं कधी विचार केला नव्हता. आम्ही आपले गड्यांचंच बघत बसलो.


घाटपळ्या (सातारा)

ताई मानलं. पण मंडळी माझा मूळ प्रश्न राहिलाच, मुंडगोडच्या बाईंचं काय? आणि आपण सातारकर चार पिढ्या लेहला जाऊन राहिलो तर?


लॅबवाला_मिरज

दुसऱ्याचं आधी. चार पिढ्यांत काही होत नाही. जीनचा चांगला प्रकार तुमच्या गावात मुळातच नसेल तर निवडायचं काय? लहानपणापासून वर वाढलेल्या पोराला छाती थोडी मोठी होणं, श्वासाची सवय असे फायदे होतात, ते अँडीजमध्ये पण दिसतात, पण जीन तो जीन. हान लोक कितीतरी पिढ्या शेजारी आहेत, तरी पठारावर गेले की त्यांच्यात मोंगेचा आजार तिबेटींपेक्षा बराच जास्त. चीननं २००६ मध्ये ल्हासाची रेल्वे सुरू केली, ती तांगुला खिंडीत ५,०७२ मीटरवरून जाते, तर डब्यांत ऑक्सिजन सोडतात. सगळ्यांना एकच उपाय जमला असंही नाही, इथिओपियाच्या डोंगरातल्या अम्हारा लोकांचं अजून तिसरंच, ३,५०० मीटरवर हिमोग्लोबिन पण नॉर्मल आणि ऑक्सिमीटर ९५ दाखवतो.

आता मुंडगोडच्या बाई. ह्यावर सरळ सरळ अभ्यास झालाय. नेपाळमध्ये काठमांडूला, १,३०० मीटरवर, तिबेटी निर्वासितांची दुसरी पिढी राहते, जन्म खालचा, उंचावर कधी राहिलेलेच नाहीत. त्यांना आणि सपाटीवरच्या युरोपियन लोकांना एव्हरेस्टच्या पायथ्याजवळ ५,०५० मीटरवरच्या प्रयोगशाळेत नेऊन काही आठवडे ठेवलं, २००४ चा पेपर. तर ही तिबेटी पोरं बरीच लवकर रुळली, ताकद पण युरोपियनांपेक्षा खूपच कमी घटली. नंतर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या तिबेटी लोकांना समुद्रसपाटीवरच कमी ऑक्सिजनची हवा देऊन बघितलं, तिथंही त्यांच्या शरीराची ती घाबरून जाऊन हुकूम सोडायची सवय मंदच निघाली.

म्हणजे घाटपळ्या, त्या स्वेटरवाल्या बाईंना तुमच्यापेक्षा नक्कीच सोपं जाईल. मुंडगोडच्या वसाहतीला साठ वर्षं होत आलीत, दोन तीन पिढ्यांत जीन कुठं जात नाही, जसा येत नाही तसाच. पण म्हणून त्यांनी विमानातनं उतरून लगेच पळावं असं मुळीच नाही. जन्मभर वर राहिलेला माणूस काही दिवस खाली येऊन परत वर गेला तरी छातीत पाणी होऊ शकतं, तिबेटी माणसाला झाल्याची पण नोंद आहे. बाई तर कधीच वर गेलेल्या नाहीत.


मधली_सुट्टी (सांगली, सध्या पुणे)

+१. फक्त एक जोडते, सगळ्या तिबेटी लोकांत तो प्रकार नसतो, ८७ म्हणजे ८७, शंभर नाही. आणि लडाखी लोक म्हणजे तिबेटीच असंही नाही, नातं आहे, भाषा जवळची आहे, पण तिथं सगळीकडून लोक येऊन मिसळलेत. घाटपळ्यांची म्हातारी कुठल्या खात्यात ते रक्त तपासल्याशिवाय नाही कळणार 😄


घाटपळ्या (सातारा)

सगळ्यांचे आभार, एवढं कॉलेजात पण कुणी सांगितलं नाही. आता खरं सांगतो का विचारत होतो, पुढच्या वर्षी सप्टेंबरला लडाख मॅरेथॉनला जायचं चाललंय. महाबळेश्वरला जाऊन महिनाभर सराव केला तर उपयोग होईल का? आणि उंचीच्या त्रासावरची ती डायमॉक्सची गोळी घ्यावी का?


लॅबवाला_मिरज

महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास. शरीराला उंची जाणवायला लागते ती साधारण २,५०० च्या पुढं. अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, ते पण १,६४६. पाय मजबूत होतील, स्ट्रॉबेरी खाऊन याल, रक्ताला काही कळणार नाही.


वॉर्डातली_ताई (कराड)

डायमॉक्स दुकानातून अशीच नेऊ नका, डॉक्टरांना दाखवून घ्या. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, आणि त्यानं लघवीला जास्त होतं, बोटांना मुंग्या येतात, घाबरायचं नाही. बीपी, हृदयाचा त्रास असलेलं कुणी ग्रुपमध्ये असेल तर त्यांनी तर विचारल्याशिवाय जाऊच नये. आणि बसल्या जागी धाप, खोकल्यात गुलाबी फेस, बोलणं अडखळणं, चालताना झोक जाणं, ह्यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. लगेच दवाखाना आणि लगेच खाली.


सुभेदार_रिटायर (सातारा)

ताई बोलल्या ते कागदावर लिहून खिशात ठेवा. आणि विमान सोडा, श्रीनगरवरनं गाडीनं जा. सोनमर्गला एक मुक्काम, कारगिलला एक, लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस बूट सुद्धा घालायचे नाहीत पळायचे. शर्यतीच्या आधी जेवढे दिवस जास्त काढता येतील तेवढे काढा, रजा मिळत नसेल तर पुढच्या वर्षी जा. वाटेत फोटू ला लागंल, ४,१०० मीटर, तिथं सगळी गाडीतनं उड्या मारून फोटोसाठी पळत सुटतात. तुम्ही बसून राहा. तो थुकपावाला गडी आहे ना तुमचा, त्याला उतरवा, तो काढंल फोटो.